घर आणि उपचार एकाच हाती: बंगळुरूतील पुनर्वसनगृहांमधील पेच

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेत, म्हणजेच निम्हान्समध्ये, देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. उत्तर कर्नाटकातून व महाराष्ट्राच्या दक्षिण भागातून येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही संस्था परिचित आहे. औषधोपचाराने आजार आटोक्यात आला की रुग्णालयातील वास्तव्य संपते. पण त्यानंतर जायचे कोठे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहतो. काहींचे आईवडील वृद्ध झालेले असतात, काहींच्या भावंडांचे संसार वेगळे झालेले असतात, तर काहींना घरच्यांनी परत नेण्यास नकार दिलेला असतो. रुग्णालय आणि घर यांच्यामधल्या या वाटेवर बंगळुरूत गेल्या पाच दशकांत अनेक निवासी पुनर्वसन केंद्रे उभी राहिली. त्यांना सामान्यतः 'हाफवे होम' असे म्हटले जाते. जेथे दीर्घकाळ राहण्याची सोय असते, त्याला समूहनिवास म्हणतात.

ही केंद्रे बाहेरून पाहता साध्या घरांसारखी असतात. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल, दूरचित्रवाणी संच, अंगणात वाळत घातलेले कपडे. येथे राहणाऱ्यांना 'रुग्ण' न म्हणता 'निवासी' म्हणण्याची पद्धत आहे. तथापि या घरात निवासी, त्यांच्या दैनंदिन सहवासात असलेले कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्यात एक ताण सातत्याने जाणवतो. तो स्वभावदोषांतून उद्भवतो असे समजणे सोपे असले, तरी त्याचे मूळ रचनेत आहे. ज्या हातात उपचार आहेत, त्याच हातात निवाऱ्याचे छप्परही आहे, आणि या दोहोंचे पैसे बहुधा तिसराच कोणी भरतो.

हा पेच कोणा एका संस्थेचा नसून त्या व्यवस्थेचा आहे. त्यामुळे तो समजून घेण्यासाठी ही घरे कशी चालतात, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

बंगळुरूतच का?

मानसिक उपचारांच्या क्षेत्रात या शहराचे स्थान जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान होते. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. जुने मनोरुग्णालय आणि ही संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये निम्हान्स आकाराला आली. मानसोपचारतज्ज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका यांचे प्रशिक्षण येथे होत असल्याने रुग्णालयाबाहेरील प्रयोगांना आवश्यक मनुष्यबळ शहरातच उपलब्ध झाले.

मेडिको-पास्टोरल असोसिएशन या संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेले हाफवे होम देशातील अशा आद्य प्रयत्नांपैकी एक मानले जाते. ब्रिटनमध्ये एली यान्सेन यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या रिचमंड फेलोशिप या चळवळीची भारतीय संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. बंगळुरूतील तिच्या केंद्रांपैकी 'आशा' हे हाफवे होम, तर 'ज्योती' हा समूहनिवास आहे. आत्मशक्ती विद्यालय या संस्थेने सामुदायिक जीवनालाच उपचाराचे साधन मानणारी पद्धत अंगीकारली. पुढे रुग्णांच्या कुटुंबीयांनी एकत्र येऊन काढलेल्या संस्था आणि खासगी केंद्रे यांचीही भर पडली.

या सर्वांमागील मूळ कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश मनोरुग्णालयांतून आली. टॉम मेन, मॅक्सवेल जोन्स आदी डॉक्टरांच्या असे लक्षात आले की, रुग्णांना केवळ आज्ञापालन करावयास न लावता वॉर्डच्या कारभारात सहभागी करून घेतले, तर ते लवकर सावरतात. सकाळची सामूहिक बैठक, कामांचे आळीपाळीने वाटप, तक्रारी सर्वांसमक्ष मांडण्याची मुभा या गोष्टी तेथूनच रूढ झाल्या. आजही बंगळुरूतील अनेक केंद्रांत दिवसाची सुरुवात अशा बैठकीने होते. आज भाजी कोणी चिरायची, व्हरांडा कोणी झाडायचा, काल रात्री मोठ्याने गाणी कोणी लावली, या विषयांवर तेथे चर्चा होते. निवाऱ्याचा कारभार निवाऱ्यातील माणसांनी चालवावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

अडचण अशी की, भाजी कोणती करायची हे बैठकीत ठरू शकते. फाटकाला कुलूप किती वाजता लावायचे, हे सहसा ठरत नाही.

लहान गोष्टींवरचे मोठे वाद

या घरांमधील वादांचे विषय बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मोबाइल फोन दिवसभर जवळ ठेवावा की ठरावीक वेळीच मिळावा? सिगारेट ओढण्यास किती वेळा परवानगी असावी? खर्चासाठी घरून आलेले पैसे कोणाकडे राहावेत? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने जाण्यास हरकत आहे काय? गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात की स्वतःच्या जबाबदारीवर? खोलीला आतून कडी असावी काय?

उदाहरणादाखल एक परिस्थिती पाहता येईल. चाळिशीतील एक निवासी गेली सहा वर्षे समूहनिवासात राहत आहे. आजार स्थिर आहे. त्याला रात्री नऊनंतर बाहेर फेरफटका मारण्याची इच्छा आहे. रात्रपाळीचा कर्मचारी त्याला व्यक्तिशः ओळखतो आणि त्यात काही धोका नाही, हेही जाणतो. मात्र फाटक नऊ वाजता बंद करण्याचा नियम आहे. काही बरेवाईट घडल्यास जाब त्या कर्मचाऱ्यालाच द्यावा लागेल. म्हणून तो 'वरून परवानगी नाही' असे सांगतो. व्यवस्थापनाकडे विचारणा केली असता, निवाशाच्या थोरल्या भावाने रात्री बाहेर सोडू नये अशी अट घातल्याचे समजते. महिन्याचे शुल्क तोच भाऊ भरतो आणि तो दुसऱ्या शहरात राहतो. नियम नेमका कोणाचा, हे निवाशाला कळत नाही. त्याच्या वाट्याला येते ते केवळ बंद फाटक.

या साखळीत कोणीही दुष्ट नाही. भावाला काळजी आहे, व्यवस्थापनाला जबाबदारीचे भान आहे, कर्मचाऱ्याला नोकरी टिकवायची आहे. तरीही एका प्रौढ नागरिकाला संध्याकाळी फिरायला जाता येत नाही. त्याने आवाज चढवला, तर ती घटना नोंदवहीत 'चिडचिडेपणा वाढला' अशा शब्दांत नोंदली जाण्याची शक्यता असते. पुढील भेटीत डॉक्टर औषधाची मात्रा वाढवण्याचा विचार करतात. भाडेकरू घरमालकाशी भांडला तर त्याला भांडण म्हणतात. येथे तेच वागणे लक्षण ठरू शकते. निवाशांच्या मनातील रोष समजून घेताना हा फरक विसरून चालणार नाही.

मधल्या माणसाची अडचण

या व्यवस्थेत सर्वाधिक ओढाताण होते ती निवाशांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची. यात दोन प्रकारचे लोक असतात. एक, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका. दुसरे, केअरटेकर, स्वयंपाकी, वॉर्डन, रात्रपाळीचे मदतनीस. पहिल्या प्रकारातील काही व्यवसायांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ही परिषद १९९२ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आली. दुसऱ्या प्रकारातील माणसांना बहुधा कामावर रुजू झाल्यावरच शिकावे लागते, आणि निवाशांच्या सोबत सर्वाधिक तास तेच घालवतात.

निवाशाचा विश्वास संपादन करणे हे त्यांचे काम आहे, आणि निवाशावर लक्ष ठेवणे हेही त्यांचेच काम आहे. एखाद्या निवाशाने गप्पांच्या ओघात सांगितले की, आपण दोन दिवस गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकली, तर मदतनिसाने काय करावे? वर कळवले तर विश्वास जातो. न कळवल्यास आजार उलटण्याचा धोका असतो आणि चूक त्याच्या माथी येते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार व्यक्तीच्या आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे. परंतु स्वयंपाकघरात कानावर आलेली गोष्ट संस्थेच्या आत किती दूर जावी, याची सीमारेषा कायद्याच्या शब्दांत सापडत नाही.

त्यात भाषेची भर पडते. बंगळुरूतील केंद्रांत निवासी अनेक राज्यांतून येतात. कर्मचारी कन्नड, तमीळ, तेलुगू बोलणारे, अलीकडे ईशान्य भारतातून आलेलेही असतात. सोलापूर वा बेळगावहून आलेल्या निवाशाला मनातले मराठीत बोलता येते. ऐकणारा मात्र मोडक्या हिंदीतून त्याचा अर्थ लावतो. मानसिक आजारात शब्दांना असलेले महत्त्व लक्षात घेता ही बाब किरकोळ नाही.

या कामातील वेतन सर्वसाधारणपणे कमी असते, पाळ्या लांब असतात आणि माणसे टिकत नाहीत. केंद्र सरकारच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत हाफवे होमसाठी अनुदानाची तरतूद आहे. त्यात कर्मचाऱ्यांना 'मानधन' देण्याची भाषा आहे. हा शब्द सूचक म्हणावा लागेल. सेवाभाव गृहीत धरला की वेतनाची चर्चा अवघड होते. ज्या माणसाशी सहा महिने बोलून ओळख झाली, तो एके दिवशी नोकरी सोडून जातो आणि निवाशाला पुन्हा नव्याने आपली कहाणी सांगावी लागते.

कामाच्या वाटपाचा मुद्दाही येथेच येतो. भांडी घासणे, बाग पाहणे, जेवण वाढणे हे पुनर्वसनाचा भाग म्हणून उपयुक्त आहे, याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. तथापि कर्मचारी कमी पडू लागले की उपचार म्हणून दिलेले काम हळूहळू घराची गरज बनते. कायद्याच्या कलम २० मध्ये सक्तीने काम न करवून घेण्याचा आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळण्याचा हक्क नमूद आहे. झाडू हातात देताना तो उपचार की मजुरी, हे ठरवण्याचा अधिकार झाडू देणाऱ्याकडेच असेल, तर त्या हक्काची कसोटी लागते.

व्यवस्थापनाची बाजू

व्यवस्थापनाला दोष देऊन हा विषय संपत नाही. बहुतेक केंद्रे भाड्याच्या घरांतून सुरू होतात, आणि बंगळुरूत घरमालकाला सुमारे दहा महिन्यांचे भाडे अनामत देण्याची रीत दीर्घकाळ चालत आली आहे. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या नमुन्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचवण्यात आली. मात्र तो नमुना असल्याने राज्याने स्वीकारल्याखेरीज बंधनकारक ठरत नाही. येथे मानसिक आजारातून उठलेली माणसे राहणार, हे कळताच अनेक घरमालक नकार देतात. शेजाऱ्यांच्या हरकती येतात. करार संपला की स्थलांतर करावे लागते. अशा रीतीने निवासी ज्या संस्थेच्या दयेवर असतात, ती संस्था स्वतःच कोणा घरमालकाच्या मर्जीवर असते. एखाद्या निवाशाने शेजारच्या दारात जाऊन आरडाओरडा केला, तर संपूर्ण घर धोक्यात येऊ शकते. फाटकाच्या कुलपामागे ही भीतीही असते.

दुसरी गोष्ट कायदेशीर जबाबदारीची. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मानसिक आजार असलेल्या व्यक्ती उपचार वा पुनर्वसनासाठी जेथे राहतात, अशी जागा या कायद्यानुसार 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरते. तिची नोंदणी बंधनकारक आहे. विनानोंदणी आस्थापना चालवल्यास प्रथम अपराधाला ५ हजार ते ५० हजार रुपये आणि पुढील अपराधांना ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दर तीन वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. नियमांचा भार वाढला, की घराचे रुग्णालय होऊ लागते. नोंदवह्या, कॅमेरे, येण्याजाण्याची सही. निवाशाला घरपण हवे असते आणि तपासनिसाला कागद.

या कठोरतेमागे एक भयंकर घटना आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि अशा जागांची नोंदणी व तपासणी यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर 'काही झाले तर' हा प्रश्न प्रत्येक व्यवस्थापकाच्या मनात घर करून राहिला, यात नवल नाही.

पैसे भरणारा आणि राहणारा

भारतीय मानसोपचारात कुटुंबाचे स्थान नेहमीच मोठे राहिले आहे. अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहण्यास बोलावले. तो प्रयोग जगभर नावाजला गेला. निम्हान्सनेही कुटुंबीयांना सोबत ठेवण्याची परंपरा जोपासली. आपल्याकडील रुग्ण एकाकी पडत नाही, याचे बरेचसे श्रेय या दृष्टिकोनाला द्यावे लागते.

निवासी केंद्रात मात्र हेच बलस्थान गुंतागुंतीचे होते. प्रवेशाच्या अर्जावर सही बहुधा कुटुंबाची असते, शुल्क कुटुंब भरते, अटीही कुटुंब घालते. निवासी आणि कुटुंब यांचे हित एकच आहे, असे गृहीत धरले जाते. अनेकदा ते असतेही. पण एखाद्या निवाशाला नोकरी करून वेगळे राहायचे असेल आणि कुटुंबाला तो केंद्रातच सुरक्षित वाटत असेल, तर व्यवस्थापनाने कोणाचे ऐकायचे? मालमत्तेच्या वाटणीचा वाद पाठीमागे असेल, तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. शुल्क थांबले तर जागा जाते. त्यामुळे निवासी तक्रार करण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

महाराष्ट्रातील वाचकांना 'लीव्ह अँड लायसन्स' ही संज्ञा परिचित आहे. भाडेकरूला मिळणारे संरक्षण परवानाधारकाला मिळत नाही, हेही ठाऊक आहे. पुनर्वसनगृहातील निवाशाची स्थिती त्याहूनही नाजूक म्हणावी लागेल. परवानाधारकाच्या हाती निदान स्वतःच्या सहीचा करार असतो. येथे तोही नसतो. सहा किंवा दहा वर्षे एकाच खोलीत राहूनही त्या खोलीवर त्याचा काही अधिकार निर्माण होत नाही. त्याला जाण्यास सांगितले, तर त्याला घर सोडावयास लावले असे कोणी म्हणत नाही. त्याला 'डिस्चार्ज' दिला असे म्हणतात.

कायदा काय देतो?

२०१७ च्या कायद्याने दिलेले हक्क कागदावर भक्कम आहेत. कलम १९ सांगते की, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही अथवा समाजात सोय उपलब्ध नाही, एवढ्या कारणावरून तिला आस्थापनेत ठेवून घेता येणार नाही. कलम २० मध्ये स्वतःचे कपडे वापरणे, खासगीपणा, सक्तीने केशवपन न होणे अशा बाबी आहेत. कलम २६ मध्ये दूरध्वनी, पत्रव्यवहार आणि भेटीगाठींचा हक्क आहे. कलम २८ अन्वये सेवेतील त्रुटींबद्दल तक्रार करता येते. ती प्रथम आस्थापनेच्या प्रमुखाकडे, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि पुढे राज्य प्राधिकरणाकडे. या मंडळावर जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष असतो, डॉक्टर असतात, तसेच स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या किंवा काळजीवाहू व्यक्तींनाही स्थान असते.

स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ व्यक्तीला जाण्याची इच्छा असल्यास कलम ८८ नुसार तिला जाऊ द्यावे लागते. अपवादात्मक परिस्थितीत तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवता येते. म्हणजे कायद्याने दार उघडे आहे. पण दाराबाहेर पडून रात्र कोठे काढायची, हे कायदा सांगत नाही. तक्रारीची पहिली पायरी ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच दारात आहे, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते.

निवाऱ्याचे पर्याय नसल्याचे परिणाम महाराष्ट्रात स्पष्ट दिसले आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे झालेल्या व्यक्तींना तेथून भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. न्यायालयाने त्यावर तीव्र नाराजी व्यक्त करून हा प्रकार तत्काळ थांबवण्याचा आदेश दिला. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण वर्षभराहून अधिक काळ राहत असल्याचे आढळले होते. पुनर्वसनगृहातील निवासी व्यवस्थापनाशी फार ताणून का धरत नाही, याचे उत्तर या पार्श्वभूमीवर मिळते. मागे वळून पाहिल्यास त्याला हे पर्याय दिसतात.

छप्पर आणि मदत वेगळी केली तर?

अमेरिकेत न्यूयॉर्क येथे मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था सुरू करून वेगळी वाट चोखाळली. रस्त्यावर राहणाऱ्या मानसिक रुग्णांना प्रथम भाड्याचे घर देण्यात आले. भाडेकरार त्यांच्या स्वतःच्या नावे होता. औषध घेणे ही घराची अट नव्हती. मदत करणारे पथक वेगळे, ते घरी येऊन भेटणार. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांना सहभागी करून या पद्धतीची चाचणी घेतली. त्यात या पद्धतीने घरे मिळालेल्या व्यक्ती इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात टिकून राहिल्या, असे दिसून आले.

तेथेही ताण नाहीसे होत नाहीत. भाडे थकले, पाहुणे वाढले, शेजाऱ्यांनी तक्रार केली, की घरमालक मदतनीस पथकाला दूरध्वनी करतो आणि पुन्हा मधला माणूस पेचात सापडतो. पण भाडेकरूच्या हातात करार असतो. पथकावर रागावूनही त्याला घरी जाता येते.

भारतात 'द बॅनियन' या चेन्नईस्थित संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' हा उपक्रम चालवला आहे. दीर्घकाळ संस्थांत राहिलेल्या चार-पाच व्यक्ती सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात आणि गरजेनुसार मदतनीस सोबत असतो. महाराष्ट्रात रत्नागिरी येथे, मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या व्यक्तींसाठी, हा प्रयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधील आपल्या मार्गदर्शक दस्तऐवजात त्याची दखल घेतली. कोणाशी राहायचे, बाजारातून काय आणायचे, सण कसा साजरा करायचा, हे तेथे राहणारेच ठरवतात.

विशेष म्हणजे भारतीय नियमांत हा भेद आधीच नोंदलेला आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या हक्कांसंबंधी २०१८ मध्ये जे नियम करण्यात आले, त्यांत तीन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. हाफवे होम म्हणजे रुग्णालयातून सुटल्यानंतरचा तात्पुरता मुक्काम. आश्रित निवास म्हणजे स्वतःचा व्यवहार स्वतः पाहू इच्छिणाऱ्या, पण अधूनमधून मदत लागणाऱ्या व्यक्तीसाठी सुरक्षित जागा. आणि तिसरा प्रकार साहाय्यित निवास. यात घर त्या व्यक्तीचेच, भाड्याचे वा मालकीचे, असते आणि मदतनीस तेथे येऊन साहाय्य करतो. बंगळुरूत पहिल्या प्रकारची केंद्रे पुष्कळ आहेत. तात्पुरता म्हणून सुरू झालेला मुक्काम तेथे कित्येकदा वर्षानुवर्षे लांबतो. अडचण आहे ती तिसऱ्या प्रकाराची.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा करार ग्राह्य ठरत नाही, असा एक समज घरमालकांत आणि काही प्रमाणात कुटुंबांतही प्रचलित आहे. प्रत्यक्षात १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२ असे सांगते की, एरवी अस्वस्थ मनाची असलेली व्यक्तीही स्वस्थ मनःस्थितीत असताना करार करू शकते. औषधोपचाराने स्थिर असलेल्या, नोकरीवर जाणाऱ्या माणसाला भाडेकरारावर सही करण्यास या कायद्याची आडकाठी नाही. बंगळुरूच्या एखाद्या वस्तीत एक खोली शोधताना त्याला घरमालक मात्र तीन गोष्टी विचारतो: नोकरी कोठे, यापूर्वी कोठे राहत होता, आणि दहा महिन्यांची अनामत कधी देणार. दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे की नाही, याचा निर्णय सकाळच्या बैठकीत होत नाही. तो त्याला एकट्यालाच जिना चढताना घ्यावा लागतो.